रोजच्या जगण्यातली विश्वासू सेवा: मंडळीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालना जिल्ह्यातल्या आमच्या चर्चच्या मंडळीत बुधवारची प्रार्थनासभा संपून चहा आला की खरे प्रश्न निघतात. सभेत हात वर करून कोणी विचारत नाही, कप हातात आला की विचारतात. मी सरकारी रुग्णालयात चोवीस वर्षं परिचारिका आहे आणि महिला मंडळाचं कामही बघते, त्यामुळे यातले बरेच प्रश्न माझ्यापर्यंत येतात. जे पुन्हा पुन्हा आले ते इथे उतरवले आहेत. वचनांचे संदर्भ दिलेत, ते बायबल उघडून स्वतः वाचावेत. उत्तरं माझ्या समजुतीप्रमाणे आहेत.

विश्वासू सेवा म्हणजे नेमकं काय?

मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, विश्वासणारा आणि विश्वासू. ज्याचा प्रभूवर विश्वास आहे तो विश्वासणारा. ज्याच्यावर दुसऱ्याला भरवसा टाकता येतो तो विश्वासू. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत 'पिस्तोस' हा एकच शब्द दोन्हींसाठी येतो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्यावर विचार करत बसले होते. आपण पहिल्या अर्थाने स्वतःला पिस्तोस म्हणवतो, पण शेजारीपाजारी आणि कामावरची माणसं आपल्याला दुसऱ्या अर्थाने जोखत असतात.

मत्तय २५ मधला रुपयांचा दृष्टांत सगळ्यांना पाठ असतो. धन्याने दासांकडे सोपवलेले पाच हजार रुपये, दोन हजार, आणि जमिनीत पुरलेले एक हजार. त्यातले दोन शब्द मात्र वाचताना निसटतात. धनी परत आला तो 'बऱ्याच काळानंतर' आला. आधी दासांना काम सोपवलं, शेवटी हिशेब घेतला आणि मधे तो बराच काळ गेला. त्या काळात कोणी बघत नव्हतं, कोणी शाबासकी देत नव्हतं. विश्वासूपणा त्या मधल्या दिवसांत आहे असं मला वाटतं. कोणाच्या मदतीला आपण पहिल्यांदा जातो ते दया आली म्हणून, उपदेश ताजा असतो म्हणून. दुसऱ्यांदा जातो, सातव्यांदा जातो, तेव्हा सेवा सुरू होते.

मला गाता येत नाही, चारचौघांत प्रार्थनाही करता येत नाही. मग माझी सेवा कोणती?

हा प्रश्न बायकाच जास्त विचारतात, आणि विचारणारीचे हात बहुतेक वेळा कामाने भरलेले असतात. पेटी वाजवणं, वचन सांगणं, सूत्रसंचालन यांनाच सेवा म्हणायची सवय आपण मंडळीला लावली आहे. ती चूक आपली आहे, त्या बाईची नाही.

प्रेषितांची कृत्ये, नववा अध्याय. यापो गावातली तबीथा वारली तेव्हा विधवा बाया प्रेषित पेत्राभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे, कपडे त्याला दाखवू लागल्या. तिने कुठे भाषण केल्याचं एक अक्षर लिहिलेलं नाही. दुसऱ्या राजांच्या पुस्तकात, पाचव्या अध्यायात, अरामाचा सेनापती नामान याच्या घरी धरून आणलेली इस्राएलाची एक मुलगी आहे. तिचं नावसुद्धा दिलेलं नाही. शोमरोनातला संदेष्टा धन्याचं कुष्ठ बरं करील, असं मालकिणीला तिने एक वाक्य सांगितलं आणि त्यावर सेनापती उठून शोमरोनला निघाला. परक्या घरातल्या मोलकरणीच्या बोलण्यावर त्या घराने एवढा भरवसा टाकला, तो तिने रोजच्या कामातूनच कमावला असणार.

तुम्हाला काय येतं ते विचारा. शिवण येतं, अर्ज भरता येतो, म्हाताऱ्या माणसाला न चिडता दवाखान्यात नेता येतं? मग तीच तुमची सेवा.

नोकरी ही सेवा कशी? पगार तर घेतोच की आपण.

घेतो, आणि घ्यावाच. पण पगार कामाच्या तासांचा मिळतो. त्या तासांत मन किती घातलं ते पगारपत्रकात येत नाही. प्रेषित पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तोंडदेखल्या चाकरीबद्दल लिहिलं आहे. साहेब समोर असताना कागद हलवायचे आणि पाठ फिरली की मोबाइल, हे आपल्याला नवीन नाही.

माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष होतं. रात्रपाळी, दोन वॉर्ड आणि मी एकटी. पहाटे चारला सगळ्यांचं तापमान घेऊन तक्त्यावर लिहायचं असतं. एका पेशंटचा ताप रात्री बाराला उतरला होता, तो शांत झोपला होता, त्याची बायको खाली चटईवर झोपली होती. मला उठवावंसं वाटलं नाही, खरं म्हणजे मलाच बेडपर्यंत जाववत नव्हतं. मी बाराचाच आकडा चारच्या रकान्यात उतरवला. सात वाजता माझ्या वरिष्ठ सिस्टरने हात लावला तर अंग भाजत होतं. थर्मामीटर लावला, एकशे तीन. त्या मला काही बोलल्या नाहीत. तक्त्यावर माझ्या आकड्याखाली बोट ठेवून माझ्याकडे बघितलं, एवढंच. माणूस वाचला, पण तो रकाना मला अजून दिसतो. त्यादिवशी सकाळी मी चर्चमध्ये जाऊन गीत गायले होते, तेही आठवतं.

लूक १६:१० मध्ये प्रभू येशू म्हणतो की जो थोडक्यात विश्वासू तो पुष्कळातही विश्वासू. माझ्यासाठी ते थोडकं म्हणजे पहाटे चारचा आकडा. तुमच्यासाठी तराजूचा काटा असेल, शाळेच्या हजेरीपटावरची खूण असेल, नाहीतर बसच्या तिकिटाचे सुटे पैसे.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण चाकरीबद्दलचं पौलाचं वचन वरचढ माणसं खालच्यांना ऐकवतात. पौल त्याच पत्रात लगेच पुढे, चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत, धन्यांना सांगतो की तुम्ही दासांशी न्यायाने वागा, तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. अर्धं वचन वाचून कोणाला राबवू नये.

माझ्याकडे पाच एकर आहे, मजूर लावतो. यात ख्रिस्ती म्हणून मी वेगळं काय करायचं?

मजुरी त्याच संध्याकाळी द्या. लेवीय १९:१३ मध्ये स्पष्ट आहे, मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये. अनुवाद या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात कारणही दिलंय, तो गरीब आहे आणि त्याचं मन त्या पैशावर लागलेलं असतं. सोयाबीन काढायला आलेल्या बाईने घरी जाताना तेलाची पिशवी न्यायची असते, आणि आपण म्हणतो, 'शनिवारी एकदमच घे.' आपल्याला ते हिशेबाला सोपं जातं, तिच्या चुलीवर त्या रात्री काय असतं ते आपण विचारत नाही. बाकी पिण्याचं पाणी, सावलीला जेवायची सुट्टी, गडी आणि बाईला सारखी मजुरी, हे सांगायला वचन लागू नये.

आम्ही ऊसतोडीला जातो. सहा महिने उपासनाच नाही. आमची सेवा बंदच पडते ना?

हा प्रश्न बीडकडच्या एका जोडप्याने विचारला होता. दसरा-दिवाळीनंतर उचल घेऊन निघायचं, फडावर कोपी टाकायची, पहाटे तीनला उठून मोळ्या बांधायच्या, आणि उन्हाळा लागताना परत यायचं. त्यांना 'रविवारी जवळचं चर्च शोधा' असं सांगणं मला पटत नाही. ट्रक कधी भरायला लागेल ते त्यांच्या हातात नसतं.

योसेफ मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, विकला गेला तिथे त्याच्या देवाचं मंदिर नव्हतं, मंडळी नव्हती. त्याचा धनी पोटीफर याच्या घरात त्याने काम नीट केलं, तुरुंगात गेला तिथेही नीट केलं, आणि उत्पत्ती ३९ पुन्हा पुन्हा सांगतं की परमेश्वर त्याच्याबरोबर होता. फडावर शेजारच्या कोपीतलं लेकरू तापलं तर त्याला रात्री दवाखान्यात कोण नेतं? मुकादमाच्या वहीतला हिशेब अडाणी सोबत्याला कोण वाचून दाखवतं? तुम्ही ते करत असाल तर तुमची सेवा बंद पडलेली नाही.

बंद पडते ती आमची, मागे राहिलेल्यांची. कोयता, म्हणजे तोडीला जाणारं जोडपं, गेला की घरात आजी-आजोबा आणि शाळेतली पोरं उरतात. त्यांच्या घरी आठवड्यातून दोनदा कोण डोकावतं, आजोबांच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात का बघतं, हे मंडळीने दिवाळीआधीच नावं लिहून ठरवावं. 'कोणीतरी जाईल' असं ठरवलं की कोणीच जात नाही.

आजाऱ्याला, म्हाताऱ्या माणसाला भेटायला जाताना काय करावं?

आधी, काय करू नये ते माझ्याच चुकीवरून सांगते.

आमच्या मंडळीत एक आजी होत्या, मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. दर गुरुवारी पाच वाजता येऊन वचन वाचून दाखवीन, असं मी त्यांना कबूल केलं. सहा-सात गुरुवार गेले. मग पाळी बदलली, लेकीची परीक्षा आली, पाऊस आला. मी जाणं सोडलं, आणि सोडलं हे त्यांना सांगितलंही नाही. दोन-तीन महिन्यांनी त्यांच्या सुनेला बाजारात भेटले. ती म्हणाली, ''ताई, गुरुवार आला की म्हतारी चारपासून दारात खुर्ची टाकायला लावती. एक तिला, एक तुम्हाला. मी म्हनते त्या नाही येत आता, तर म्हनती, पाच वाजूं दे की.''

मी त्या गुरुवारी गेले. आजींनी चाहुलीवरून ओळखलं. म्हणाल्या, ''कामून आली नाहीस बाई इतके दिस? बरी हायेस न्हवं?'' त्यांना माझी काळजी लागली होती. दुसरी खुर्ची होतीच. त्या पुढच्या वर्षी प्रभूकडे गेल्या, तोवर गुरुवार चुकला नाही. पण ते रिकामे गुरुवार मला भरून काढता आलेले नाहीत.

म्हणून सांगते, थोडं कबूल करा. दर आठवड्याला जमणार नसेल तर महिन्यातून एकदा म्हणा, आणि तेवढं पाळा. जमणार नसेल त्या दिवशी निरोप पाठवा. वाट बघणाऱ्याचा दिवस आपल्या दिवसापेक्षा फार लांब असतो.

बाकीचं परिचारिका म्हणून सांगते. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. खाटेवर बसू नका, खुर्ची घ्या म्हणजे डोळे एका उंचीवर येतात. 'अमक्यालाही हेच झालं होतं, तो गेला' असली उदाहरणं नकोत. प्रार्थना करण्याआधी विचारा, करू का म्हणून. प्रार्थना छोटी करा, हळू आवाजात. 'विश्वास कमी पडला म्हणून बरं वाटत नाही' हे वाक्य कोणाही आजाऱ्याला कधीही म्हणू नका. औषध बंद करायला तर मुळीच सांगू नका. आणि रात्रंदिवस जी त्या खाटेशी आहे, त्या सुनेला किंवा लेकीला म्हणा, 'तू दोन तास जाऊन ये, मी बसते.' ही भेटींतली सगळ्यात मोलाची भेट.

उन्हाळ्यात पाणी वाटणं, टँकर लावणं, याला आत्मिक सेवा म्हणता येईल का?

मत्तय १०:४२ वाचा. शिष्य म्हणून एखाद्या लहानाला पेलाभर गार पाणी पाजणारा आपल्या प्रतिफळाला मुकणार नाही. हे वचन मराठवाड्यातल्या माणसाने मे महिन्यात वाचावं म्हणजे त्याचं वजन कळतं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं अजून आमच्यात आहेत. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ज्या मुलखात पाण्यासाठी आगगाडी येते तिथे पेला ही छोटी वस्तू राहत नाही.

आमच्या चर्चच्या आवारात बोअर आहे आणि त्याला पाणी बऱ्यापैकी टिकतं. टंचाईत आम्ही नळ बाहेरच्या भिंतीला काढला, रस्त्याकडे तोंड करून. आत ठेवला असता तर आत यायला अवघडणारी घरं वंचित राहिली असती. रांगेत आमच्या माणसांचे हंडे पुढे घ्यायचे नाहीत, हे कमिटीत ठरवलं. ते पाळताना दोन-तीनदा कुरबुर झाली, पण पाळलं.

मदत करताना सुवार्ता सांगायची का?

कोणी विचारलं की तुम्ही हे का करता, तर खरं ते सांगावं, लपवू नये. पण मदत हे आमिष नाही. धान्याची पिशवी देताना 'रविवारी या हं' म्हटलं की ती पिशवी जड होते, घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही. लूक १७ मध्ये प्रभूने दहा कुष्ठरोगी शुद्ध केले. आभार मानायला एकच परतला, तोही शोमरोनी, म्हणजे परका. बाकी नऊ कुठे आहेत असं प्रभूने विचारलं, पण त्या नऊ जणांचं बरं होणं त्याने काढून घेतलं नाही.

अर्पणाचे पैसे माझ्याकडे असतात. लोक संशय घेतात, मन दुखावतं. काय करू?

दुखावून घेऊ नका, पद्धत बदला. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेल्या दानाबद्दल लिहितो. तो पैसा तो एकट्याने नेत नाही, मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतो, म्हणजे कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये. प्रभूसमोरच नाही, तर माणसांसमोरही चोख असावं, हा त्याचा विचार. पौलाला जे कमीपणाचं वाटलं नाही ते आपल्याला का वाटावं?

अर्पणाची थैली उपासना संपल्यावर तिथेच, दोघांनी मोजावी. ते दोघे एका घरातले नसावेत. आकडा वहीत लिहून दोघांच्या सह्या. सोमवारी बँकेत. क्यूआर कोड लावला असेल तर तो मंडळीच्या खात्याचा, कोणा एकाच्या नावाचा नको. 'दोन दिवस वापरून परत ठेवतो' हे तर नाहीच, मग घरात कितीही अडचण असो. अडचण असेल तर कमिटीकडे मागा, उघडपणे. मंडळी कशासाठी आहे? दर महिन्याचा जमाखर्च फलकावर लावला की निम्मा संशय तिथेच विरतो. उरलेला वर्षभरात.

चर्चच्या कामात घराकडे दुर्लक्ष होतं, अशी नवऱ्याची तक्रार आहे.

आधी तक्रार खरी आहे का ते बघा. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, ५:८ ला, घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल पौलाने फार कडक शब्द वापरले आहेत. पण हाच प्रश्न मी पुरुषांकडून कधी ऐकलेला नाही. भाऊ कन्व्हेन्शनला तीन दिवस जातात तेव्हा ती सेवा असते आणि बहीण दोन तास प्रार्थनेला गेली तर दुर्लक्ष, असं असेल तर भाकरी थापायला भावांनीही शिकावं. तीही घरची सेवाच आहे.

खूप थकवा आला आहे. थांबलं तर पाप होईल का?

नाही. एलीया संदेष्टा झाडाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, आणि उठवून पुन्हा खायला दिलं. १ राजे १९. प्रभू येशूनेही शिष्यांना, जेवायला सवड नव्हती तेव्हा, एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या असं म्हटलं. मार्क ६:३१. झोप, जेवण, आणि गरज असेल तर डॉक्टर.

थकव्याचं दुसरं एक कारण असतं, काम वाटून न देणं. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायाला बसायचा, तेव्हा त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, निर्गम १८ मध्ये त्याला सरळ सांगितलं की तू करतोस ते बरं नाही. काही जणांना किल्ली दुसऱ्याच्या हाती गेलेली सहन होत नाही. तो थकवा झोपेने जात नाही.

आपल्या भागात असं काम केलेल्यांपैकी कोणाबद्दल मुलांना सांगावं?

जालन्यात राहणाऱ्यांनी नारायण शेषाद्री यांच्यापासून सुरुवात करावी. ब्राह्मण घरात जन्मले, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे जालना हे कामाचं ठिकाण केलं. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही वस्ती उभी केली. ज्यांना गावात विहिरीवर येऊ देत नव्हते अशांबरोबर या माणसाने आयुष्य काढलं. पंडिता रमाबाई तर सगळ्यांना ठाऊक आहेत. केडगावला दुष्काळातल्या मुलींना त्यांनी आसरा दिला तो आपण सांगतोच, पण शेवटची कितीतरी वर्षं त्या हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल मराठीत आणत बसल्या होत्या, एकेका शब्दाशी थांबत, १९२२ मध्ये देह ठेवेपर्यंत. मुलांना तेही सांगा.

आणि नुसतं सांगू नका. आजोबांच्या गोळ्या बघायला जाताना पोराला सोबत न्या.

घेतलेली सेवा सोडायची असेल तर कशी सोडावी?

समोर जाऊन सांगून, आणि दुसऱ्याला नीट हाती देऊन. आमच्या चर्चची किल्ली एकतीस वर्षं एका भाऊंकडे होती. रविवारी सहाला दार उघडणं, घंटा, झाडलोट, दिवे. गुडघे गेले तेव्हा त्यांनी कमिटीला सांगितलं आणि तरुण संघातल्या एका पोराला महिनाभर आधीपासून सोबत घेतलं. शेवटच्या रविवारी मी लवकर गेले होते म्हणून मला बघायला मिळालं. भाऊ पोराला सांगत होते, ''डावी झडप जरा वर उचलायची, मग किल्ली फिरव, नाहीतर अडकती. हे तिसरं बटन ओल्या हाताने नाही लावायचं. वेदीमागच्या खिडकीत चिमणीचं घरटं हाय, जूनपर्यंत ती खिडकी लावू नको.'' पोराने झडप उचलली, किल्ली फिरवली. पहिल्या वेळी अडकली. भाऊंनी हात पुढे केला नाही, पायरीवर काठी टेकून उभे राहिले. दुसऱ्यांदा दार उघडलं.